तेजोधातूची वाट

इंग्रजीतल्या 'मंक' या शब्दाला मराठीत प्रतिशब्द नाही, अशी तक्रार करता येत नाही. प्रतिशब्द फार आहेत, हीच अडचण. भिक्षू, श्रमण, यती, संन्यासी, गोसावी, बैरागी, जोगी, महंत. प्रत्येकाचं कापड वेगळं, भिक्षा मागायची रीत वेगळी, मेल्यावर पुरायचं की जाळायचं हेसुद्धा वेगळं. युरोपातल्या एखाद्या कादंबरीत द्राक्षमळा राखणारा मंक भेटला, तर मी 'मठवासी' लिहून पुढे जाते. पण चिलखत न घालता नुसत्या हातांनी लढणारा, भिंतीवरून धावणारा, आणि मुठीतून ज्वाळा सोडणारा मंक? हा माझ्यापुढे भाषांतराचा प्रश्न म्हणून आला तो भाचीमुळे.

भाची बंगळुरूत पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती आणि तिचे तीन मित्र शनिवारी माझ्या जेवणाच्या टेबलाभोवती बसून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एकजण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणायचं, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि आपण काय करतो ते बोलून सांगतात, जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पट नाही, जिंकणं-हरणं नाही. एकच गोष्ट दोन-दोन वर्षं चालते. आपल्याकडच्या गोंधळ्याने मध्येच थांबून श्रोत्यांना विचारावं, 'आता तुम्ही काय करता?', तसं काहीसं. टेबलावरची भाषा इंग्रजी, मध्ये कन्नड, भांडण झालं की हिंदी. भाची डंजन मास्टर. एक कन्नड मुलगी चोर होते, एक मल्याळी मुलगा जादूगार. चौथा मुलगा बैलकुप्प्याचा, म्हणजे म्हैसूरच्या पलीकडे १९६१ साली वसलेल्या तिबेटी वसाहतीतला. शिकायला बंगळुरूत हॉस्टेलवर राहतो. तो मंक होतो. "सगळ्यांना वाटलं होतं मी मंकच घेणार," तो मला एकदा म्हणाला, "म्हणून आंटी, पहिले तीन महिने मी बार्बेरियन खेळलो."

खेळातला मंक काही तिबेटचा नाही, आणि आपल्याकडचाही नाही. हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे दोन कर्ते. युरोपी मध्ययुगाचं नेपथ्य, सरदार, बुटके, ड्रॅगन. त्यात मंक आला पुढच्या वर्षी, 'ब्लॅकमूर' या पुरवणीत. अमेरिकेत त्या वर्षांत 'कुंग फू' ही दूरचित्रवाणी मालिका गाजत होती; शाओलिन मठातून बाहेर पडलेला एक भिक्षू घोड्यांच्या मुलखात फिरतो आणि अगदी नाइलाज झाला की हात उचलतो. खेळातला मंक त्याच हवेतला. म्हणजे चिनी भिक्षूची अमेरिकी आवृत्ती, तिच्यावर जपानी शब्दांचा मुलामा, आणि आता ती आवृत्ती कर्नाटकात एक तिबेटी मुलगा खेळतो. तौलनिक साहित्याच्या वर्गात प्रभाव आणि स्वीकार शिकवताना असं उदाहरण मिळालं असतं, तर आमचे सर खडू ठेवून बसले असते.

या खेळात मला सर्वांत आवडतं ते हे, की इथे क्रियापदाला किंमत असते. मंककडे 'की' नावाची शक्ती मोजून दिलेली असते. (जपानी शब्द, पण मराठीत 'की' म्हटलं की पुढे काहीतरी यायला हवं असतं, त्यामुळे 'मी दोन की खर्च केले' हे वाक्य मला कायम अर्धवट वाटतं.) अकराव्या लेव्हलच्या मंककडे अकरा की. तिसऱ्या लेव्हलला मंक आपला पंथ निवडतो, म्हणजे मंक या वर्गातला उपवर्ग. नियमपुस्तकात त्याला 'वे' म्हटलंय, मी 'वाट' म्हणते. २०१४ च्या पुस्तकात चार महाभूतांची एक वाट आहे. आग हवी असेल त्याने तीच धरायची. एक की मोजला, तर हातापायांतून अग्निसर्पाचे दात निघतात आणि दहा फूट लांबच्यालाही ठोसा लागतो. अकराव्या लेव्हलला चार की देऊन आगीचा गोळा फेकता येतो. दोन गोळे फेकले की उरले तीन. मग अर्धा तास ध्यान.

भाचीचं म्हणणं, यात मंक कुठे आहे? हा तर पायी चालणारा जादूगार, आणि तोही महागातला. जादूगार तोच गोळा पाचव्या लेव्हलला फेकतो. तेव्हा तिने स्वतःच आगीच्या मंकचा एक नवा उपवर्ग लिहायला घेतला. खेळात ही मुभा असते. टेबलापुरते नियम कोणीही लिहावेत. माझ्याकडे काम एवढंच आलं: "मावशी, नावं तेवढी दे. संस्कृत किंवा पाली. पण आगरबत्तीच्या पुड्यावर असतात तसली नकोत."

नावं देण्याआधी मी तिला म्हटलं, तुझ्या उपवर्गातच एक पेच आहे. आपल्याकडचा संन्यासी आगीपाशी नसतोच. मनुस्मृतीने त्याला 'अनग्नी' म्हटलंय. गृहस्थाने आयुष्यभर राखलेले अग्नी संन्यास घेताना विझवायचे नसतात, स्वतःत समारोपित करायचे असतात. (समारोप! आपण तो शब्द आता संमेलनाच्या शेवटच्या भाषणासाठी वापरतो, आणि त्या भाषणात आग औषधालाही नसते.) त्यानंतर तो आग पेटवत नाही, स्वयंपाक करत नाही, आयतं अन्न मागून खातो. आणि मेल्यावर त्याला जाळत नाहीत, समाधी देतात. आग आधीच आत गेलेली आहे, आता बाहेरून काय लावायची? भगवं कापड त्या आगीची खूण म्हणून अंगावर राहतं. मग नाथजोगी येतात आणि धुनी पेटवून बसतात, ती गोष्ट वेगळी. आपल्याकडे कुठलाही नियम सांगितला की तो मोडणारा पंथ शेजारच्याच गावात असतो.

"म्हणजे तुमच्या मंकची आग दिसतच नाही," भाची म्हणाली. "दिसली नाही तर डॅमेज कसा मोजू?"

पालीत दिसते. उरुवेलेला काश्यप बंधू आणि त्यांचे जटाधारी शिष्य, मिळून हजार अग्निपूजक. त्यांच्या अग्निशाळेत बुद्ध एका रात्रीपुरता राहतो, तिथला नाग धूर सोडतो तर बुद्धही धूर सोडतो, नाग पेटतो तर बुद्धही पेटतो, आणि सकाळी नाग भिक्षापात्रात गुंडाळून बाहेर येतो. सांचीच्या पूर्व तोरणावर हा प्रसंग कोरलेला आहे. ते हजारजण भिक्षू होतात आणि गयाशीर्षावर त्यांनाच बुद्ध सांगतो की डोळे जळताहेत, कान जळताहेत, सगळंच जळतंय. आयुष्यभर आगीला तूप घालणाऱ्यांसमोर हे बोलणं म्हणजे काय धाडस! एलियटने 'द वेस्ट लँड'च्या तिसऱ्या भागाला याच प्रवचनाचं नाव दिलं. एम.ए.ला आम्ही ते एलियटकडून मूळ सुत्ताकडे असं उलट वाचत गेलो होतो.

पण भाचीला हवे होते ते दोघं दुय्यम भिक्षू. पहिला सागत. बुद्धाने आपल्या शिष्यांत कोण कशात अग्रगण्य ते सांगितलं, त्या यादीत 'तेजोधातूत कुशल' म्हणून सागताचं नाव आहे. आंबतीर्थाच्या नागाला त्याने आगीला आग देऊन नमवलं. कौशांबीच्या लोकांनी कौतुकाने घरोघरी त्याला मद्य पाजलं, आणि हा नागविजयी भिक्षू नगराच्या वेशीत आडवा पडला. भिक्षूंनी त्याला उचलून आणून बुद्धाकडे डोकं करून निजवलं, तर तो झिंगेत फिरून बुद्धाकडे पाय करून झोपला. भिक्षूंनी मद्य पिऊ नये हा नियम तिथून आला. कन्नड मुलगी हे ऐकून इतकी हसली की तिचा फासा सोफ्याखाली गेला.

दुसरा दब्ब मल्लपुत्त. वयाच्या सातव्या वर्षी अर्हत झालेला. मोठा झाल्यावर त्याने विचार केला की आता मला मिळवायचं काही उरलेलं नाही, तर संघाचं काय काम करू? आणि मागून घेतलं ते काय, तर राजगृहात येणाऱ्या भिक्षूंची झोपायची व्यवस्था लावायचं. सुत्तं पाठ करणाऱ्यांना एकत्र ठेवायचा, विनयवाल्यांना एकत्र, ध्यान करणाऱ्यांना एकत्र, म्हणजे एकाचा दुसऱ्याला त्रास नको. गप्पिष्ट आणि अंग कमावणाऱ्यांचीही एकत्र सोय. रात्री कोणी उशिरा आलं, तर दब्ब तेजोधातूत प्रवेश करी, त्याचं बोट पेटे, आणि त्या उजेडात तो पुढे, पाहुणा मागे. हा मंचक, हे पीठ, ही उशी, इथे प्यायचं पाणी, लघवीला इकडे. ही कीर्ती अशी पसरली की भिक्षू मुद्दाम उशिरा येऊ लागले आणि मुद्दाम लांबची जागा मागू लागले, गृध्रकूट वगैरे, केवळ ते बोट बघायला मिळावं म्हणून.

बैलकुप्प्याच्या मुलाने इतका वेळ फक्त ऐकलं होतं. त्याने विचारलं, "यात किती की जातात?" मी म्हटलं, विनयपिटकात लिहिलेलं नाही.

त्याच्याकडूनही एक गोष्ट आली. तुम्मो. आतल्या उष्णतेचा योग, ज्याला संस्कृत ग्रंथ चण्डाली म्हणतात. एका सुती कापडावर हिमालयातले हिवाळे काढणारा मिलारेपा. त्याच्या नावातला 'रेपा' म्हणजे सुती वस्त्रवालाच. हर्बर्ट बेन्सन या अमेरिकी डॉक्टरने धर्मशाळेजवळच्या तीन साधकांची तपासणी करून १९८२ साली 'नेचर'मध्ये लिहिलं की त्यांच्या हातापायांच्या बोटांचं तापमान ८.३ अंश सेल्सिअसपर्यंत वाढलं. पुन्हा बोटंच. आणि मी त्याला आळंदीची भावंडं सांगितली. बाप संन्यास सोडून घरी परतलेला, म्हणून वाळीत टाकलेली चार मुलं. मुक्ताबाईला मांडे भाजायला कुंभाराकडून खापर मिळू नये अशी व्यवस्था विसोबा चाटीने केली, तर ज्ञानेश्वराने जठराग्नी चेतवला आणि बहिणीने त्याच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजले. माझ्या बहिणीचं सासर बेळगावचं, त्यामुळे भाचीला मांडे भाजताना बघून माहीत आहेत. उलट्या कढईवर पसरलेला तो रुमालासारखा तलम मांडा. "पाठीवर?" ती म्हणाली. आणि लगेच वहीत लिहिलं: विश्रांतीच्या वेळी मंकने शिजवलेलं जे सोबती खातील, त्यांच्या जखमा थोड्या जास्त भरतील. नाव: मांडे. हे नाव बदलायचं नाही, इंग्रजीतही नाही.

आता त्या वहीच्या शेवटच्या पानाविषयी.

उपवर्गाची शेवटची आणि सर्वांत मोठी शक्ती सतराव्या लेव्हलला मिळते. भाचीने ती माझ्याकडे यायच्या आधीच लिहून ठेवली होती. इंग्रजी नाव 'सेल्फ-इमोलेशन'. मंक स्वतःला पेटवतो; वीस फुटांतल्या प्रत्येक शत्रूला दहा-दहा बाजूंचे दहा फासे डॅमेज; पुढच्या फेरीत मंक राखेतून एका हिट पॉइंटवर उठतो. तिला हे सुचलं एका टी-शर्टवरून. रेज अगेन्स्ट द मशीन या बँडच्या १९९२ च्या अल्बमवर एक छायाचित्र आहे: ११ जून १९६३, सायगावचा चौक, पद्मासनात बसलेले थिक क्वांग डुक आणि त्यांच्याभोवती ज्वाळा. मॅल्कम ब्राउनने टिपलेलं. दक्षिण व्हिएतनाममधलं झिएम सरकार बौद्धांची जी दडपणूक करत होतं, तिच्याविरुद्ध. भाचीला तारीख माहीत नव्हती. चित्र मात्र डोळ्यांत बसलेलं होतं, आणि सतरा वर्षांच्या मुलीला ते सामर्थ्याचं चित्र वाटावं यात मला नवल वाटलं नाही. ते आहेही.

तिने ती शक्ती टेबलावर वाचून दाखवली. जादूगार खूश झाला, दहा फाशांची बेरीज करू लागला. बैलकुप्प्याचा मुलगा म्हणाला, "पण त्यात बाकी कोणाला काही होत नाही."

भाचीला वाटलं, तो नियम सुचवतोय. "म्हणजे सोबत्यांना नको? ठीक आहे, फक्त शत्रूंना."

"शत्रूंनाही नाही," तो म्हणाला. "कोणालाच नाही."

२००९ पासून दीडशेहून अधिक तिबेटींनी स्वतःला पेटवून घेतलं आहे. भिक्षू, भिक्षुणी, गुराखी, विद्यार्थी, लेकुरवाळ्या बायका. २०१२ च्या मार्चमध्ये दिल्लीत, जंतरमंतरवरही. तो तेव्हा बालवाडीत होता. मेणबत्त्यांच्या मिरवणुकीत आईच्या कडेवर होतो एवढं आठवतं, म्हणाला, आणि मेण हातावर पडलं होतं म्हणून रडलो होतो. हे त्याने अगदी साध्या आवाजात सांगितलं, आणि मग म्हणाला, वही बदलायची गरज नाही, गेमच आहे.

नाव मागितलं होतं माझ्याकडे, आणि मी त्या शब्दाशी आठवडाभर बसले. 'इमोलेशन'च्या लॅटिन मुळात आग नाहीच. 'मोला' म्हणजे दळलेलं पीठ. रोमन लोक बळीच्या पशूवर मिठाचं पीठ शिंपडत, त्या शिंपडण्याचा तो शब्द. मराठीत काय आहे? 'आत्मदहन' आहे. पण त्याच्यामागे 'इशारा' लागतो. पंधरा ऑगस्ट किंवा सव्वीस जानेवारी जवळ आली की जिल्हा पानावर कुणीतरी जिल्हाधिकारी कार्यालयासमोर 'आत्मदहनाचा इशारा' दिलेला असतो. रस्त्यासाठी, सातबाऱ्यासाठी, थकलेल्या पगारासाठी. तो शब्द वाचून आपण पान उलटतो. 'जाळून घेतलं' आहे. ते बायकांचं. माझ्या लहानपणी आमच्या चाळीत ते आवाज खाली करून म्हणत, आणि त्यामागे खरंच तिने घेतलं की कुणी जाळलं, हा प्रश्न कर्मणी प्रयोगात दडलेला असे. 'बलिदान' म्हटलं तर आपण निकाल देऊन मोकळे होतो. 'आत्महत्या' म्हटलं तरी होतोच, उलट्या बाजूने. थिक न्यात हान्ह यांनी १९६५ साली मार्टिन ल्यूथर किंग यांना पत्र लिहून हेच समजावायचा प्रयत्न केला होता, की व्हिएतनामी भिक्षूंच्या या कृतीला आत्महत्या म्हणू नका. एका भाषांतरकाराच्या नजरेने पाहिलं तर ते पत्र एका शब्दाविषयीचं आहे.

यांतला एकही शब्द दहा फाशांच्या डॅमेजला लावायला माझी लेखणी तयार नव्हती. भाचीला मी तसं सांगितलं. नाव नाही, दुसरं काही लिही तर देते. ती चिडली. "मग तो दब्ब?" तिने विचारलं. तिने 'उदान' शोधून वाचलं होतं. दब्ब शेवटी बुद्धाचा निरोप घेतो, आकाशात पद्मासन घालतो, तेजोधातूत शिरतो आणि जळून जातो. तूप किंवा तेल जळल्यावर उरत नाही तशी मागे ना राख ना काजळी. "तो पण पेटतोच की. ते चालतं?" प्रश्न बरोबर होता. माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर अजून नाही. एवढं म्हटलं की दब्बाचं तेव्हा कुणाशी भांडण नव्हतं, आणि त्याला कुणी त्या कडेपर्यंत ढकलत नेलेलं नव्हतं. ती दोन शनिवार त्या विषयावर बोलली नाही. तिसऱ्या शनिवारी वहीचं शेवटचं पान कोरं होतं. फाडलेलं नाही, खोडलेलं. वर लिहिलं होतं: सतरावी लेव्हल, नंतर ठरवू. उपवर्गाचं नाव मात्र ठरलं होतं, 'तेजोधातूची वाट'. मराठीत 'वाट' लागतेही, हे मी तिला सांगून पाहिलं. तिला चाललं.

एका गोष्टीत मी हट्ट धरला. २०१४ च्या नियमांत मंकला तेराव्या लेव्हलला 'सूर्यचंद्राची जीभ' मिळते: दुसऱ्याच्या मनातल्या कीला आपला की भिडवायचा, की सगळ्या बोलीभाषा समजतात, आणि त्याला तुमचं समजतं. खर्च शून्य. २०२४ च्या नव्या पुस्तकात ही शक्ती काढून टाकली आहे, आणि 'की' हा शब्दही. त्याच्या जागी आता 'फोकस' आहे. परक्या शब्दांचा मुलामा खरवडायचा त्यांचा हेतू चांगला असेल, पण सर्व भाषा कळणारा भिक्षू गेला याचं मला व्यक्तिशः वाईट वाटलं. ती शक्ती आमच्या टेबलावर राहावी असं मी म्हटलं. जादूगार म्हणाला, राहू दे, पण फुकट नको, एक की लावा. मी म्हटलं, माझा दर त्याहून बराच जास्त आहे.

मागच्या शनिवारी त्यांची मंडळी एका पडक्या खाणीत उतरली. मशाली भिजलेल्या, जादूगाराचे मंत्र संपलेले, झोपायला जागा हवी. भाचीने अंधाराचं वर्णन केलं. बैलकुप्प्याच्या मुलाने तर्जनी वर धरली आणि इतर तिघांना एकेक करून नेलं. हा सपाट दगड जादूगाराचा, त्याला रात्री पुस्तक चाळायचं असतं. इथे पाणी झिरपतंय, पिण्यासारखं आहे. लघवीला तिकडे, खड्डा सांभाळून. सगळे हसले. चोर झालेली मुलगी म्हणाली, "मला नाही झोपायचं यांच्याजवळ. मला ती लांबची कपार हवी, पार वरची."

भाचीने विचारलं, "किती की?"

"यात जात नाहीत," तो म्हणाला, आणि फासा न टाकता पुढे निघाला.